मरण आणि मूल्यनिर्णय : संभाजीराजांच्या निमित्ताने

१

बीडकडून येऊन शहागड येथे गोदावरीवरचा पूल ओलांडला आणि उत्तरेची वाट धरली, की रस्त्याकडेच्या पाट्यांवर ज्या शहराचे अंतर वाचायला मिळते, त्या शहराचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या हयातीतच बदललेले पाहिले आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगजेबाच्या दख्खनच्या सुभेदारीत ‘औरंगाबाद’ झाली आणि २०२३ मध्ये ‘छत्रपती संभाजीनगर’ झाली. ज्याने मारले त्याचे नाव उतरले आणि जो मारला गेला त्याचे नाव चढले. या नामांतराच्या राजकीय बाजूविषयी भरपूर लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाला त्यात भर घालावयाची नाही. येथे विचार करावयाचा आहे तो या अदलाबदलीमागे गृहीत धरलेल्या एका नैतिक समीकरणाचा. एखादा माणूस कसा मेला, यावरून तो कसा जगला याविषयी काही सिद्ध होते काय?

प्रश्न वरवर पाहता साधा आहे. परंतु संभाजीराजांविषयी गेली दोनशे वर्षे मराठीत जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर गृहीत धरून लिहिला गेला आहे. त्यांची निंदा करणाऱ्यांनी त्यांच्या मरणाकडे दुर्वर्तनाचे फळ म्हणून पाहिले; त्यांची स्तुती करणाऱ्यांनी त्याच मरणाकडे सद्वर्तनाची कसोटी म्हणून पाहिले. निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेली तर्करीती एकच आहे. ही तर्करीती तपासणे हे इतिहासकाराइतकेच साहित्यसमीक्षकाचेही काम आहे, कारण ती मूलतः कथनाची रीती आहे. शेवट हाती आला की मागचे सर्व त्या शेवटाकडे वळवून सांगण्याचा मोह कोणत्याही कथनकाराला आवरत नाही. फ्रँक करमोड यांनी १९६७ मध्ये कादंबरीविषयी विचार करताना हेच दाखवून दिले होते, की शेवटाच्या जाणिवेमुळेच आरंभाला आणि मध्याला अर्थ मिळतो. कादंबरीत हे योग्यच आहे. पण एखाद्या होऊन गेलेल्या माणसाच्या आयुष्याला हा नियम लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

२

या तर्करीतीचे एक उदाहरण जालन्याच्याच भूमीवर घडले आहे. आपण मराठी वाचक ते उदाहरण सहज नाकारतो, म्हणून प्रथम तेच पाहणे उपयुक्त ठरेल.

१६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जालन्याची बाजारपेठ लुटली. शहरातील काही धनिक आपला ऐवज घेऊन सय्यद जान महंमद या सत्पुरुषाच्या आश्रयाला गेले होते. मराठ्यांच्या सैन्याने ते स्थानही सोडले नाही, असे ‘मुन्तखब-उल-लुबाब’चा कर्ता खाफीखान सांगतो. पुढे तो म्हणतो, की त्या सत्पुरुषाने शाप दिला आणि त्यामुळे शिवाजी महाराज काही महिन्यांतच, म्हणजे ३ एप्रिल १६८० रोजी, निवर्तले. लूट झाली हे ऐतिहासिक सत्य आहे आणि मृत्यू झाला हेही सत्य आहे. या दोन सत्यांना जोडणारा ‘त्यामुळे’ मात्र खाफीखानाचा आहे.

हा ‘त्यामुळे’ वाचून मराठी वाचक हसतो, किंवा संतापतो. आजारपणाने आलेल्या मृत्यूचा जालन्याच्या लुटीशी काय संबंध, असे तो विचारतो, आणि ते विचारणे योग्यच आहे. लुटीच्या वेळी आश्रयस्थानाचा मान राखला गेला की नाही, हा एक खरा नैतिक प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर रायगडावरच्या आजारपणात शोधता येत नाही. कृत्याचा निवाडा कृत्याजवळच व्हायला हवा. खाफीखानाने तो मृत्यूवर सोपवला आणि त्यामुळे प्रश्नच नाहीसा करून टाकला.

याच महिन्यांत शिवाजी महाराजांचा ज्येष्ठ पुत्र कोठे होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले होते. १६७९ च्या एप्रिलमध्ये मोगलांनी भूपाळगड घेतला, तेव्हा ते त्या छावणीत होते. गडावर हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडण्यात आला. त्याच वर्षी पुढे अथणीच्या रहिवाशांना गुलाम म्हणून विकण्याचा दिलेरखानाचा बेत संभाजीराजांना मान्य झाला नाही. नोव्हेंबरात ते छावणीतून निसटले आणि डिसेंबरात पन्हाळ्यास पोहोचले. बाप जालन्यावर चालून गेला त्याच सुमारास मुलगा स्वराज्यात परतत होता. पुढील विवेचनात या वर्षाकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल, कारण निंदकांची कथा आणि भक्तांची कथा या दोन्ही हे वर्ष सोयीप्रमाणे वापरतात, किंवा गाळतात.

३

संभाजीराजांच्या मरणाची मुख्य हकीकत सर्वपरिचित आहे. १६८९ च्या १ फेब्रुवारीस संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने त्यांना आणि कविकलशांना पकडले. बहादूरगडच्या छावणीत त्यांची धिंड काढण्यात आली, डोळे काढण्यात आले, आणि ११ मार्च रोजी भीमेच्या काठी दोघांचा वध झाला. ज्यांचे डोळे, जीभ आणि देह यांवर चाळीसेक दिवस हिंसा होत राहिली, त्या दोघांविषयी बोलताना लेखणी सहज चालत नाही. ती तशी चालूही नये.

परंतु मराठीतील पहिला विस्तृत निवाडा या हिंसेपुढे थबकला नाही. साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांनी लिहिलेल्या बखरीत संभाजीराजे व्यसनी, उग्र, कलशाच्या नादी लागलेले आणि आपल्या कर्माने नाशास गेलेले असे दिसतात. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणिसांचे वंशज. १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजी आवजींनाही संभाजीराजांनी देहान्त शिक्षा दिली होती. घटनेनंतर सव्वाशे वर्षे लोटली होती, तरी घराण्याची जखम शाईत उतरली, असे पुढील संशोधकांनी म्हटले आहे. ते बहुतांशी बरोबर आहे. मात्र येथे एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. ज्यांचे वडील या शिक्षेत गेले ते खंडो बल्लाळ स्वराज्याच्याच सेवेत राहिले आणि १६८९ नंतर राजाराम महाराजांबरोबर जिंजीस गेले. एकाच घराण्यात एकाने दुःख गिळून निष्ठा राखली आणि काही पिढ्यांच्या अंतराने दुसऱ्याने ते दुःख इतिहास म्हणून लिहिले. तेव्हा ‘घराण्याचा आकस’ हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. कथनाची निवडही येथे कारणीभूत आहे.

ती निवड म्हणजे पाप आणि प्रायश्चित्त यांचे कथानक. या कथानकात शेवट भयानक असेल, तर आधीचे आयुष्य त्याला साजेसे वाईट असावेच लागते. मग सोयराबाईंना राज्यारोहणाबरोबर भिंतीत चिणून मारल्याची हकीकत बखरीत येते. प्रत्यक्षात त्या १६८१ च्या ऑक्टोबरपर्यंत हयात होत्या, आणि १६८० च्या संस्कृत दानपत्रात खुद्द संभाजीराजांनी त्यांच्या मनाच्या निर्मळपणाची ग्वाही दिली आहे. मग थोरातांची कमळा येते, गोदावरी येते, आणि या दंतकथांना लोकस्मृतीत पुराव्याचे बळ येते.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात चिटणिसी बखरीचा आधार घेतला, आणि इंग्रजी विद्येच्या प्रतिष्ठेसह ते कथानक शाळेपर्यंत पोहोचले. राम गणेश गडकरी यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’मध्ये ते रंगभूमीवर आले. औंधकरांच्या ‘बेबंदशाही’चे शीर्षकच एका कारकिर्दीचा निवाडा झाले. गडकऱ्यांचा संभाजी अखेरीस बंदिवासात आपल्या आयुष्याचा धिक्कार करतो. नाट्यदृष्ट्या ते प्रसंग प्रभावी आहेत याबद्दल वाद नाही. परंतु त्या पश्चात्तापाचे काम काय आहे, हे विचारले पाहिजे. जे आरोप पुराव्याने सिद्ध करावयाचे होते, ते आरोपीच्या मुखातून, मरणाच्या दारात, कबूल करून घेण्याचे ते काम आहे. मरताना माणूस खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. नाटककाराने त्या समजुतीचा उपयोग केला. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा फोडला गेला, तेव्हा या जुन्या कबुलीजबाबाचा सूड घेतला गेला असे म्हणता येईल. पुतळा फोडून पुराव्याचा प्रश्न सुटत नाही, हे वेगळे सांगायला नको.

४

या प्रतिमेचे निराकरण कोणी व कसे केले, हा मराठी इतिहाससंशोधनातील एक अभिमानास्पद अध्याय आहे. वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चार दशके साधने जमवून १९६० मध्ये ‘छत्रपती संभाजी महाराज’ हे चरित्र सिद्ध केले. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये आले. सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधने मराठीत आणली. या सर्वांच्या परिश्रमातून जो राजा उभा राहिला, तो ‘बुधभूषणम्’चा कर्ता होता, ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’ आणि ‘सातसतक’ या ब्रज रचनांचा कवी होता, आणि नऊ वर्षांत मोगल, पोर्तुगीज, सिद्दी यांच्याशी एकाच वेळी झुंजलेला शासनकर्ता होता. विजापूर १६८६ मध्ये पडले, गोवळकोंडा १६८७ मध्ये पडला. मराठ्यांचे राज्य मात्र औरंगजेबाला असे संपवता आले नाही.

हे पुनर्मूल्यन दस्तऐवजांतून झाले, मरणातून झाले नाही, ही बाब अधोरेखित करावीशी वाटते. दानपत्राची तारीख, पत्रातील वाक्य, शकावलीतील नोंद अशा एकेका पुराव्याने एकेक आरोप तपासला गेला. काही आरोप साफ ढासळले, काही सौम्य झाले, काही राहिले. १६८१ च्या शिक्षा झाल्याच नाहीत असे बेंद्रे म्हणत नाहीत. त्या कोणत्या परिस्थितीत झाल्या हे ते सांगतात. चरित्रनायकावर प्रेम करणाऱ्या संशोधकाचीही ही रीत आहे, की बचाव करावयाचा तो कागदाच्या बळावर.

परंतु या संशोधनाबरोबरच, आणि लवकरच त्याच्या पुढे, दुसरे एक कथानक चालू लागले. वसंत कानेटकर यांनी १९६२ च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये बापलेकांतील दुराव्याचे शोकात्म रूप रंगवले, तेथे दोघेही चुकतात आणि दोघेही कळवळ्याला पात्र ठरतात. त्यांच्याच १९६८ च्या नाटकाचे शीर्षक आहे ‘इथे ओशाळला मृत्यू’. या दोन शीर्षकांमधील सहा वर्षांत केंद्र आयुष्याकडून मरणाकडे सरकले आहे. शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ने १९७९ मध्ये ती प्रतिमा घराघरांत नेली, आणि २०२५ च्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाने ती मराठीच्या सीमेबाहेर नेली. आता भयानक शेवटाला साजेसे आयुष्य निष्कलंक असावे लागते. जुन्या कथानकात दोष निर्माण करावे लागत होते. नव्यात दोष नाहीसे करावे लागतात. हेडन व्हाइट यांनी १९७३ मध्ये सांगितले होते, की इतिहासकार घटनांना कथानकाचा साचा बाहेरून देतो. येथे तर साचाही बदललेला नाही, फक्त उलटा केला आहे.

या उलटलेल्या साच्याची किंमत कोण देते, हे पाहण्यासारखे आहे. पहिली किंमत भूपाळगडावरच्या त्या सातशे जणांनी दिली. त्यांचे हात दिलेरखानाच्या छावणीने तोडले, संभाजीराजांनी तोडले नाहीत. पण राजे त्या छावणीत होते, ही गोष्ट हुतात्म्याच्या कथेत बसत नाही. म्हणून ते सातशे कथेतून वगळले जातात, किंवा ‘हा सारा बापलेकांचा गुप्त बेतच होता’ अशा कल्पनेखाली झाकले जातात. दुसरी किंमत नव्या खलनायकांना द्यावी लागते. नायक निष्कलंक असेल, तर त्याच्या पकडले जाण्याला कोणीतरी फितूर हवाच. २०२५ च्या चित्रपटातील चित्रणाविरुद्ध शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तो यामुळेच. एका राजाच्या कपाळावरचा डाग पुसताना आपण तो दुसऱ्याच्या कपाळावर लावतो आहोत काय, एवढे तरी विचारले पाहिजे.

५

हा प्रश्न केवळ मराठी इतिहासलेखनापुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड हा राजा १४८३ ते १४८५ अशी जेमतेम दोन वर्षे गादीवर होता आणि २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर मारला गेला. जिंकलेल्या ट्यूडर घराण्याच्या काळात त्याची जी प्रतिमा तयार झाली, ती टॉमस मोर यांच्या चरित्रातून शेक्सपिअरच्या नाटकात गेली. शरीराने वाकडा, मनाने वाकडा, पुतण्यांचा मारेकरी, आणि म्हणून रणात योग्य तो अंत झालेला. आपल्याकडे बखरीकडून नाटकाकडे जो प्रवास झाला, त्याच्याशी याचे साम्य स्पष्ट आहे.

जॉन राउस या इतिवृत्तकाराचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. रिचर्ड हयात असताना राउसने त्याला उत्तम राजा म्हणून गौरवले होते. सातव्या हेन्रीच्या काळात त्यानेच लिहिले, की रिचर्ड दोन वर्षे आईच्या उदरात राहून, तोंडात दात आणि खांद्यापर्यंत केस घेऊन जन्मला. मधल्या काळात रिचर्डविषयी नवा पुरावा मिळाला नव्हता; फक्त रिचर्ड मेला होता आणि त्याचा शत्रू राजा झाला होता. एका मरणाने एका लेखणीत जन्माची हकीकतच बदलून टाकली.

रिचर्डचाही बचाव झाला. होरेस वॉलपोलने १७६८ मध्ये शंका उपस्थित केल्या, जोसेफिन टे यांच्या १९५१ च्या कादंबरीने त्या लोकप्रिय केल्या, आणि २०१२ मध्ये लेस्टर येथे मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. २०१५ मध्ये तेथील कॅथीड्रलमध्ये राजाला साजेशा मानाने त्याचे दफन झाले. सांगाड्याने काय सांगितले? पाठीचा कणा बाकदार होता, हे खरे निघाले. वाळलेल्या हाताची गोष्ट खोटी निघाली. कवटीवरच्या घावांनी तो कसा मेला हे दाखवले. पण १४८३ मध्ये लंडनच्या टॉवरमधून दिसेनासे झालेल्या दोन राजपुत्रांविषयी त्या हाडांना काही सांगता आले नाही. ती सांगूही शकणार नव्हती. माणसाचा देह त्याच्या मरणाची साक्ष देतो. त्याच्या कृत्यांची साक्ष इतरत्र शोधावी लागते. दफनविधीच्या वेळी आदराने जमलेल्या लोकांनी राजपुत्रांच्या प्रश्नाचा निकाल लागला असे मानले असेल, तर ती त्यांची चूक होती. त्यांनी केवळ एका मृताला सन्मान दिला असेल, तर त्यात चूक काहीच नव्हती.

६

आपल्याकडे या तर्करीतीची कसोटी घेणारा एक साक्षीदार आहे. कविकलश संगमेश्वरी राजांबरोबर पकडले गेले, बहादूरगडावर त्यांची तशीच विटंबना झाली, आणि त्याच दिवशी, त्याच नदीकाठी, तशाच क्रूरतेने ते मारले गेले. मरण हा जर आयुष्याचा पुरावा असेल, तर या दोघांचा निवाडा एकच व्हायला हवा. तसा तो झाला नाही. ज्या काळात लोकमानसात संभाजीराजांच्या बलिदानाविषयी आदर होता, त्याच काळात ‘छंदोगामात्य’ कलश हे ‘कब्जी’ आणि ‘कलुशा’ राहिले. राजांचे सर्व दोष पदरात घ्यायला परप्रांतातून आलेला, मंत्रतंत्राचा संशय असलेला हा ब्राह्मण सोयीचा होता. त्यांची बाजू जी काही सावरली गेली, ती राजांची प्रतिमा सावरल्यानंतर आणि तिच्या अनुषंगाने.

याचा अर्थ उघड आहे. एका मरणातून आपण दोन निवाडे काढले, तेव्हा निवाडा मरणातून आला नव्हता. तो आपण आधीच केला होता आणि मरणाला साक्षीला उभे केले होते. खाफीखानाच्या ‘त्यामुळे’ला हसणाऱ्या आपण याहून वेगळे काही केले नाही.

७

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा, की मरण ही घटना असली तरी मरणाला सामोरे जाणे ही कृती आहे. चाळीस दिवसांच्या यातनांत शरण न जाणे यातून शील प्रकट होत नाही काय? होते. येथे आक्षेपकाचे म्हणणे मान्यच केले पाहिजे. ईश्वरदास नागर नोंदवतो, की खजिना कोठे आहे आणि बादशाही अंमलदारांपैकी कोण फितूर आहेत, हे दोन प्रश्न राजांना विचारले गेले आणि बादशहाला हवे ते उत्तर मिळाले नाही. मोगलांच्या बाजूच्या लेखकाकडून आलेली ही नोंद अधिकच मोलाची आहे. धर्मांतराचा प्रस्ताव आणि त्यावरचे उद्दाम उत्तर हे मराठी बखरींत येते. परंतु ते बाजूला ठेवले तरी धैर्य शिल्लक राहते. मात्र धैर्य हा एक गुण आहे. त्यावरून धैर्य सिद्ध होते. न्यायबुद्धी, संयम किंवा राज्यकारभारातील विवेक सिद्ध होत नाही, आणि त्यांचा अभावही सिद्ध होत नाही. त्यांच्यासाठी दानपत्रे, आज्ञापत्रे आणि १६८१ चे खटले वाचावे लागतील. शूर माणूस अन्यायी असू शकतो आणि भित्रा माणूस दयाळू असू शकतो, हे आपण आपल्या शेजारपाजारी रोज पाहतो. इतिहासात मात्र विसरतो.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. हेरोडोटसच्या इतिहासात सोलोन क्रीससला सांगतो, की शेवट पाहिल्याखेरीज कोणालाही सुखी म्हणू नये. अॅरिस्टॉटलने हे सूत्र घेऊन मृत्यूनंतरच्या घटनांनीही माणसाच्या सुखात फरक पडतो काय, इथपर्यंत विचार नेला. पण सोलोनचे विधान सुखाविषयी आहे, चांगुलपणाविषयी नाही, हे विसरता कामा नये. सुखात दैवाचा वाटा असतो. चांगुलपणातही तो असतो, असे बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ या संकल्पनेतून मांडले, आणि त्या मांडणीने नीतिशास्त्राला अस्वस्थ केले. संभाजीराजांच्या बाबतीत ती अस्वस्थता अगदी मूर्त आहे. १६७९ च्या उन्हाळ्यात दिलेरखानाच्या छावणीत एखादा ताप त्यांना घेऊन गेला असता, तर आज ते स्वराज्यद्रोही पुत्र म्हणून ओळखले गेले असते. संगमेश्वरी ते निसटले असते आणि वृद्धापकाळी रायगडावर निवर्तले असते, तर ते एक लढवय्ये, कडक, वादग्रस्त राजे ठरले असते. माणूस तोच, निवाडे तीन. विल्यम्स म्हणतील, की दैवाला निवाड्यातून वगळता येत नाही. ते खरे असेल. पण दैवाचा वाटा किती हे ओळखणे तरी आपल्या हाती आहे. ज्याला तो वाटा ओळखता येत नाही, तो नशिबाला शील समजतो.

८

तेव्हा वाचकाचे, समीक्षकाचे, संशोधकाचे कर्तव्य काय? माझ्या मते येथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट मृताचा सन्मान. ज्याला असे मारले गेले त्याच्यापुढे मस्तक नमवायला कोणत्याही चरित्रसंशोधनाची गरज नाही. संभाजीराजांचे बखरकाराने लावलेले सर्व दोष खरे ठरले असते, तरीही भीमेकाठी जे झाले ते तितकेच निंद्य राहिले असते. सन्मानाला निष्कलंकतेची अट घालणे म्हणजे, कलंक सापडला तर ती हिंसा क्षम्य ठरेल, असे नकळत कबूल करणे होय. हुतात्म्याच्या कथेचे भक्त हा धोका ओळखत नाहीत.

दुसरी गोष्ट कृत्यांचा निवाडा. तो पुराव्याने आणि कृत्यागणिक व्हावा. बाळाजी आवजींना न्याय मिळाला काय, हा प्रश्न संभाजीराजांच्या मरणाने मिटत नाही आणि वाढतही नाही. भूपाळगडावरच्या सातशे जणांची नावे आपल्याला माहीत नाहीत; म्हणूनच त्यांचा विसर पडू न देण्याची जबाबदारी अधिक आहे.

तिसरी गोष्ट मारणाऱ्याची जबाबदारी. वध हे मारणाऱ्याचे कृत्य आहे. ११ मार्च १६८९ या दिवसाने जे काही सिद्ध होते, ते औरंगजेबाविषयी. त्या कृत्याची जबाबदारी त्याची आहे, आणि त्याच्याबरोबर ती संपते. तो १७०७ मध्ये अहमदनगरच्या छावणीत मेला आणि खुलदाबादला पुरला गेला. मार्च २०२५ मध्ये त्या कबरीवरून नागपुरात हिंसा उसळली, तेव्हा सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा हिशेब जिवंत माणसांच्या घरादाराशी केला गेला. मरणाला पुरावा मानण्याची सवय येथवर येऊन पोहोचते. मेलेल्याच्या मरणावरून त्याचे आयुष्य ठरवणारा समाज पुढे जिवंतांच्या जन्मावरून त्यांचे अपराध ठरवू लागतो.

शहरांना नावे देणे हा समाजाचा अधिकार आहे, आणि सन्मान म्हणून दिलेल्या नावाविषयी या लेखाचे काही म्हणणे नाही. म्हणणे एवढेच आहे, की पाटीवरचे नाव हा सन्मान आहे, निकालपत्र नव्हे. बेंद्रे यांनी चाळीस वर्षे कागद धुंडाळले, ते राजांचे मरण थोर होते हे दाखवण्यासाठी नव्हे. ते तर सर्वांना ठाऊक होतेच. त्यांना आयुष्य शोधायचे होते. ते काम अपुरे आहे, आणि ते पुढे नेणाऱ्या विद्यार्थ्याने संभाजीराजांच्या चरित्राची पाने शेवटाकडून आरंभाकडे न वाचता, १६५७ च्या पुरंदरावरील जन्मापासून क्रमाने, पुढे काय होणार हे ठाऊक नसल्यासारखी वाचावीत. ज्याला आपला शेवट ठाऊक नव्हता अशा माणसाला न्याय देण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.